'पोलिश' म्हणजे नेमके कोण?

पहिल्या महायुद्धानंतरचा युरोपचा नकाशा मी वर्गात शिकवत होतो. प्रशिया, ऑस्ट्रिया आणि रशिया या तीन सत्तांनी 1772 ते 1795 या काळात तीन हप्त्यांत वाटून घेतलेला पोलंड 1918 मध्ये पुन्हा नकाशावर आला, इथपर्यंत मी पोहोचलो होतो. तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, वहाँ अपने लोग थे क्या?" वर्ग हसला. मीही हसलो आणि म्हणालो, "नहीं बेटा, वहाँ ईसाई थे और यहूदी थे." मग बोट नकाशावर पुढे सरकले.

माझे उत्तर चूक होते. ते चूक आहे हे कळायला एक अमेरिकन चित्रपट कारणीभूत ठरला. गंमत अशी की, त्या चित्रपटानेही माझेच चुकीचे उत्तर दिले होते. फरक इतकाच की मी ते चाळीस मुलांसमोर दिले आणि त्याने साऱ्या जगासमोर.

चित्रपटाचे नाव 'द इमिग्रंट'. दिग्दर्शक जेम्स ग्रे. 2013 च्या कान महोत्सवात तो पहिल्यांदा दाखवला गेला. कथानक पोलंडहून अमेरिकेत आलेल्या दोन बहिणींचे. चित्रपट चांगला आहे, हे सुरुवातीलाच सांगितले पाहिजे. माझा हेतू त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा नाही. एखाद्या समाजाचे चित्र पडद्यावर कसे तयार होते, त्यात कोण येते, कोण राहून जाते आणि राहून गेलेल्यांनी काय करायचे, हे समजून घेण्यासाठी हा चित्रपट उपयोगी आहे, एवढेच.

बेटावरची नोंद

काळ जानेवारी 1921. न्यूयॉर्कच्या बंदरातील एलिस बेट. 1892 मध्ये सुरू झालेल्या आणि 1954 मध्ये बंद झालेल्या या ठाण्यातून सुमारे सव्वा कोट माणसे अमेरिकेत शिरली. एव्हा सिबुल्स्का आणि तिची बहीण माग्दा इथल्या रांगेत उभ्या आहेत. माग्दाला छातीचा आजार असल्याचे डॉक्टरांच्या लक्षात येते आणि तिला तपासणीसाठी वेगळे काढून रुग्णालयात ठेवतात. एव्हावर दुसरेच बालंट येते. जहाजावर तिचे वर्तन ठीक नव्हते असा शेरा तिच्या नावापुढे पडलेला असतो, आणि मावशीचा पत्ता खोटा ठरवला जातो. एकटी बाई, पैसा नाही, आश्रय नाही. म्हणजे सरकारवर भार होणार. अशा व्यक्तीला परत पाठवण्याचा कायदा अमेरिकेत 1882 पासून होता. जहाजावर तिच्यावर अत्याचार झाला होता, हे आपल्याला पुढे कळते. ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्याच नावापुढे शेरा पडावा, हा प्रकार आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

ब्रुनो वाइस नावाचा माणूस शिपायाला पैसे चारून तिला सोडवतो, शहरात नेतो आणि हळूहळू आपल्या धंद्यात ओढतो. तो हलक्या दर्जाच्या नाचगाण्याचे खेळ करतो आणि त्याआड बायकांचा व्यापार. ज्या देशात एव्हाला प्रवेश नाकारला गेला, त्याच देशाची स्वातंत्र्यदेवता म्हणून मुकुट घालून तिला रंगमंचावर उभे केले जाते. बहिणीला सोडवण्यासाठी ती सारे सोसते, पण मनातून मोडत नाही. चर्चमध्ये पाद्रीपुढे पापाची कबुली देण्याचा प्रसंग हा चित्रपटाचा गाभा आहे. इमान असलेल्या माणसाला तो भिडतो, मग त्याचा धर्म कोणताही असो.

इथे इतिहासाचा एक धागा मुद्दाम उलगडतो. एव्हा सायलेशियाची. पण जानेवारी 1921 मध्ये अप्पर सायलेशिया हा प्रदेश कायद्याने जर्मनीतच होता. तो कोणाकडे जावा यासाठी 20 मार्च 1921 रोजी, म्हणजे एव्हा अमेरिकेत उतरल्यानंतर दोन महिन्यांनी, जनमत घेतले गेले आणि कातोवित्सेसारखे शहर पोलंडला मिळाले ते 1922 मध्ये. म्हणजे आपण जिला सहजपणे 'पोलिश मुलगी' म्हणतो, तिचे गाव त्या दिवशी पोलंडमध्ये नव्हतेच. 1918 च्या आधी आलेल्या लाखो लोकांची कथा तर याहून विचित्र. वॉर्साचा माणूस कागदावर रशियाचा, क्राकोचा ऑस्ट्रियाचा आणि पोझनानचा जर्मनीचा. पोलंड नावाचा देशच नव्हता, पण पोलिश माणसे मात्र जहाजे भरभरून येत होती.

मग त्यांना ओळखायचे कसे? अमेरिकन सरकारने 1899 पासून प्रवाशांच्या यादीत 'वंश अथवा लोक' असा रकाना सुरू केला. त्यात पोलिश हा एक शब्द होता आणि हिब्रू हा दुसरा. एकाच गावातून, एकाच जहाजाने आलेल्या दोन शेजाऱ्यांपैकी कॅथलिक माणूस 'पोलिश' झाला आणि ज्यू माणूस 'हिब्रू'. धर्माचा स्वतंत्र रकाना नव्हता. जहाज कंपनीच्या कारकुनाने गाव विचारून, बोली ऐकून जो शब्द लिहिला, तो त्या माणसाला चिकटला. पुढे नातवंडे आपले मूळ शोधू लागली, तेव्हा त्यांच्या हाती तोच शब्द आला.

एका नावातले दोन समाज

'द इमिग्रंट'चे मोठेपण असे की, 'पोलिश' या शब्दाच्या आत एकच समाज नाही, हे तो मान्य करतो. एव्हा कॅथलिक आहे, ब्रुनो ज्यू आहे. ब्रुनोचा भाऊबंद एमिल जादूचे खेळ करतो, तोही ज्यूच. जेम्स ग्रेचे स्वतःचे आजी-आजोबा रशियन साम्राज्यातून आलेले ज्यू होते आणि तेही एलिस बेटावरूनच अमेरिकेत शिरले. म्हणजे दिग्दर्शकाने आपल्याच समाजातल्या माणसाला खलनायक केले आहे, आणि तरीही त्याला माणूसपण नाकारलेले नाही. पोलीस ब्रुनोला मारतात तेव्हा त्याच्या धर्मावरून शिवी देतात. त्या क्षणी दुसऱ्यांना छळणारा हा माणूस स्वतःही छळलेल्यांपैकी आहे, हे लक्षात येते. शेवटी ब्रुनो एव्हाची आणि तिच्या बहिणीची सुटका करतो आणि स्वतः मागे राहतो. प्रतिनिधित्वाचा अर्थ आपल्या माणसाला नेहमी देवदूत दाखवणे असा नसतो, हे आपण या दिग्दर्शकाकडून शिकण्यासारखे आहे. आपल्याकडे पडद्यावरचा मुसलमान बहुधा एक तर जीव ओवाळून टाकणारा दोस्त असतो, नाही तर बॉम्ब ठेवणारा. दोन्हींत संसार करणारा, चुकणारा, पस्तावणारा माणूस सापडत नाही.

तरीही इतिहासाच्या मानाने चित्रपट हात आखडता घेतो. कॅथलिक आणि ज्यू यांचे पोलंडमधले नाते केवळ वेगळेपणाचे नव्हते, त्यात रक्तही सांडलेले होते. नोव्हेंबर 1918 मध्ये ल्वोव्ह शहरात ज्यूंची कत्तल झाली. एप्रिल 1919 मध्ये पिन्स्कमध्ये पोलिश सैन्याने 35 ज्यूंना गोळ्या घातल्या. चौकशीसाठी अमेरिकेने त्याच वर्षी हेन्री मॉर्गेनथाऊ यांच्या नेतृत्वाखाली शिष्टमंडळ पाठवले. हे सारे एव्हा आणि ब्रुनो भेटतात त्याच्या दोनच वर्षे आधीचे. चित्रपटात या जखमेचा उल्लेख जवळपास नाही. दोघे एकमेकांकडे पाहतात ते बाई आणि दलाल म्हणून. कॅथलिक आणि ज्यू म्हणून ते क्वचितच एकमेकांना पाहतात.

भूमिका कोणी केल्या, हाही प्रश्न विचारला जातो. एव्हा झालेली मारियों कोतियार फ्रेंच आहे. या भूमिकेसाठी ती पोलिश संवाद शिकली. पोलंडमध्ये जन्मलेली दाग्मारा दोमिनचिक याच चित्रपटात आहे, पण ब्रुनोच्या ताफ्यातली एक मुलगी म्हणून, दुय्यम भूमिकेत. याआधीही असेच घडले होते. 1982 च्या 'सोफीज चॉइस'मध्ये ब्रुकलिनला आलेली पोलिश निर्वासित सोफी मेरिल स्ट्रीपने केली आणि ऑस्कर मिळवले. त्याच वर्षीच्या 'मूनलाइटिंग'मध्ये लंडनला काम करायला आलेल्या पोलिश मजुरांचा मुकादम इंग्रज नट जेरेमी आयर्न्सने केला. दिग्दर्शक येझी स्कोलिमोव्स्की मात्र पोलिश होता. नट कोणत्या देशाचा यावरून मी फार भांडणार नाही. कष्ट घेऊन दुसऱ्याची भाषा बोलणे हा एक प्रकारचा आदरच आहे. मला दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. सोफी कॅथलिक आणि तिचा प्रियकर नेथन ज्यू. एव्हा कॅथलिक आणि ब्रुनो ज्यू. तीस वर्षांच्या अंतराने आलेल्या दोन चित्रपटांत तीच जोडी. पाहणाऱ्याच्या मनात पक्के बसते की पोलंड म्हणजे हे दोन समाज, बस्स. 1921 च्या पोलंडमध्ये लोकसंख्येचा सुमारे एक तृतीयांश भाग युक्रेनी, ज्यू, बेलारुशियन, जर्मन वगैरे अल्पसंख्याकांचा होता, हे त्या जोडीपलीकडे जात नाही.

आणि याच यादीच्या शेवटी, संख्येने अगदी थोडे पण इतिहासाने फार जुने, असे एक नाव होते. माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर तिथे होते.

लिप्का तातार

चौदाव्या शतकात लिथुआनियाच्या ग्रँड ड्यूकांनी तातार मुसलमानांना आपल्या राज्यात वसवायला सुरुवात केली. ड्यूक व्यताउतास, ज्याला पोलिश लोक विटोल्ड म्हणतात, त्याच्या काळात या वसाहती वाढल्या. त्यांना जमिनी मिळाल्या आणि बदल्यात लष्करी चाकरी आली. 1410 च्या ग्रुनवाल्डच्या लढाईत जर्मन सरदारांच्या विरुद्ध पोलिश-लिथुआनियन फौजेत तातार घोडेस्वार होते. पोलिश मुले जी लढाई अभिमानाने शिकतात, ती त्यांचीही आहे. या लोकांना लिप्का तातार म्हणतात.

1679 मध्ये राजा यान सोबिएस्की याने थकलेल्या पगाराच्या बदल्यात तातार सरदारांना ईशान्येकडच्या क्रुशिन्यानी, बोहोनिकी वगैरे गावांत जमिनी दिल्या. या दोन्ही गावांत आजही लाकडी मशिदी उभ्या आहेत. बाहेरून पाहिले तर खेड्यातले चर्च वाटावे अशी त्यांची बांधणी. चार वर्षांनी, 1683 मध्ये, याच सोबिएस्कीने व्हिएन्नाचा उस्मानी वेढा मोडला. शाळेतल्या पुस्तकांत ही लढाई ख्रिस्ती युरोप विरुद्ध इस्लाम अशी रंगवली जाते. सोबिएस्कीच्या सैन्यात तातार मुसलमान होते, हे त्या रंगात दिसत नाही. त्यांनी शत्रूकडच्या तातारांपेक्षा वेगळे ओळखू यावे म्हणून शिरस्त्राणात गवताची काडी खोचली होती, असे सांगतात. इतिहास धर्मांच्या दोन रांगा करून उभा राहत नाही, हे समजण्यासाठी ती गवताची काडी पुरेशी आहे.

उर्दू शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला याहून मोठा धक्का त्यांच्या पोथ्यांनी दिला. तातारांची मूळ भाषा सोळाव्या शतकाच्या सुमारास सुटली. ते बेलारुशियन आणि पोलिश बोलू लागले. पण लिपी मात्र त्यांनी सोडली नाही. दुआ, पैगंबरांच्या कथा, नमाजाचे नियम, कुरआनच्या ओळींखाली लिहिलेला अर्थ, हे सारे त्यांनी त्या स्लाव भाषांत पण अरबी अक्षरांत लिहिले. अशा ग्रंथांना ते 'किताब'च म्हणत. अरबीत नसलेल्या ध्वनींसाठी त्यांनी 'पे' आणि 'चे' वापरले. जी अक्षरे मी पहिल्या इयत्तेतल्या मुलांकडून पाटीवर गिरवून घेतो, ती चारशे वर्षांपूर्वी लिथुआनियाच्या जंगलाकाठी कोणीतरी पोलिश शब्द लिहिण्यासाठी गिरवत होते! मातीची भाषा घेतली म्हणून इमान गेले नाही, आणि इमान राखले म्हणून माती परकी झाली नाही. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी मराठीत 'योगसंग्राम' लिहिला, हे माहीत असलेल्या आपल्या वाचकांना यात नवल वाटू नये.

एव्हा जहाजात बसली त्याच्या आदल्या वर्षीपर्यंत, 1919-20 च्या पोलंड-सोव्हिएत युद्धात, पोलिश सैन्यात तातार घोडदळाची स्वतंत्र पलटण लढत होती. 1925 मध्ये विल्नो इथे पोलंडच्या मुसलमानांची धार्मिक संघटना स्थापन झाली आणि याकुब शिंकिएविच मुफ्ती झाले. 1936 मध्ये पोलंडच्या संसदेने कायदा करून तिला मान्यता दिली. त्या काळात पोलंडमध्ये साडेपाच हजारांच्या आसपास तातार मुसलमान होते.

संख्या छोटी आहे, हे खरे. पण संख्या छोटी म्हणून उत्तर "नाही" होत नाही.

ब्रुकलिनमधली चंद्रकोर

आता पुन्हा अमेरिकेकडे येऊ. जी जहाजे कॅथलिकांना आणि ज्यूंना घेऊन न्यूयॉर्कला येत होती, त्याच जहाजांनी हे तातारही आले. 1907 मध्ये त्यांनी ब्रुकलिनमध्ये 'अमेरिकन मोहमेडन सोसायटी' स्थापन केली. पुढे 1930 च्या सुमारास विल्यम्सबर्ग भागातल्या पॉवर्स स्ट्रीटवर एक जुने चर्च विकत घेऊन तिथे मशीद केली. न्यूयॉर्कमधल्या सर्वांत जुन्या मशिदींत तिची गणना होते. लाकडी फळ्यांची साधी इमारत, छपरावर छोटा बुरूज आणि त्यावर चंद्रकोर. ती आजही तिथे आहे.

तारखा जुळवून पाहा. एव्हा 1921 मध्ये उतरते. तोपर्यंत तातारांची ही जमात स्थापन होऊन चौदा वर्षे झाली होती. ब्रुनोचे थिएटर मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडला, आणि नदीच्या पलीकडे विल्यम्सबर्ग. मध्ये एक पूल. त्या पुलापलीकडे पोलिश बोलणारे, बेलारुशियन बोलणारे लोक रमजानचे रोजे धरत होते.

इथे एक विरोधाभास नोंदवला पाहिजे. 1917 च्या कायद्याने अमेरिकेने आशियाचा मोठा पट्टा बंद करून टाकला. त्यात हिंदुस्थान होता. म्हणजे विल्नोचा मुसलमान युरोपीय म्हणून एलिस बेटावरून आत येऊ शकत होता, पण आपल्या कोकणातला खलाशी जहाजाबरोबर त्याच न्यूयॉर्कच्या धक्क्याला लागला, तरी त्याला तिथे राहण्याचा हक्क नव्हता. दोघे एकाच किब्ल्याकडे तोंड करणारे. दार धर्म पाहून बंद झाले नव्हते, भूगोल आणि कातडी पाहून झाले होते. पुढे युरोपीयांवरही वेळ आली. मे 1921 च्या कायद्याने प्रत्येक देशाचा वाटा ठरवला : 1910 च्या जनगणनेत त्या देशात जन्मलेले जितके लोक अमेरिकेत होते, त्यांच्या तीन टक्के. 1924 मध्ये तो दोन टक्क्यांवर आणला आणि हिशेबासाठी 1890 ची जनगणना धरली, कारण तेव्हा पोलिश, ज्यू आणि इटालियन लोक कमी होते. पोलंडचा वार्षिक वाटा सहा हजारांच्या आत आला. एव्हा चार-पाच महिने उशिरा निघाली असती, तर हा चित्रपटच घडला नसता.

चेहरा होता, ओळख नव्हती

पडद्यावर तातार कधी आलाच नाही, असे म्हणता येणार नाही. एक आला होता आणि आपण सर्वांनी त्याला पाहिले आहे. 3 नोव्हेंबर 1921 रोजी पेनसिल्व्हेनियातल्या कोळसा खाणींच्या वस्तीत चार्ल्स बुचिन्स्की जन्मला. वडील लिथुआनियातून आलेले, लिप्का तातार वंशाचे. पोरवयातच तो खाणीत उतरला. पुढे हॉलिवुडला गेला आणि 1950 च्या दशकात, कम्युनिस्टांच्या नावाने अमेरिकेत धरपकड चालू असताना, आडनाव रशियन वाटते म्हणून त्याने ते बदलले. तो झाला चार्ल्स ब्रॉन्सन. 'द मॅग्निफिसंट सेव्हन'मध्ये तो अर्धा मेक्सिकन अर्धा आयरिश झाला, इतर चित्रपटांत अमेरिकेतला मूळ आदिवासी झाला. त्या गालफडांचा, त्या बारीक डोळ्यांचा उपयोग हॉलिवुडने सगळ्यांसाठी केला. ते डोळे ज्या लोकांकडून आले, त्यांची गोष्ट मात्र कोणी सांगितली नाही.

प्रतिनिधित्व नसणे म्हणजे काय, हे मला इथे उमगले. चेहरा पडद्यावर असू शकतो आणि तरीही समाज गैरहजर राहू शकतो. आपल्या हिंदी सिनेमात मुसलमान नट, शायर, संगीतकार, संवादलेखक यांची कधी उणीव नव्हती. तरीही रत्नागिरीच्या मोहल्ल्यातली कोकणी बोलणारी बाई किंवा मिरजेचा सतारी बनवणारा कारागीर त्यात किती दिसला, याचा हिशेब वाचकांनी स्वतःच करावा.

मग जेम्स ग्रेने तातार दाखवायला हवा होता का? मला तसे वाटत नाही. तो एका बाईची गोष्ट सांगत होता. प्रत्येक गोष्टीत प्रत्येक समाजाला एक एक खुर्ची द्यायची, तर गोष्ट उरणार नाही, सर्वपक्षीय बैठक होईल. ज्याला आपल्या आजीआजोबांची आठवण आहे, तो आजीआजोबांची गोष्ट सांगतो. ग्रेने तेच केले आणि प्रामाणिकपणे केले. दोष त्या चित्रपटाचा नाही. दोष आपण पाहणाऱ्यांचा आहे, कारण आपण एका गोष्टीला साऱ्या देशाची जनगणना समजतो. आणि थोडा दोष त्यांचाही, ज्यांच्याकडे आजीआजोबांच्या आठवणी आहेत पण ज्यांनी त्या लिहिल्या नाहीत. दुसऱ्याच्या चित्रपटात जागा मागण्याआधी आपली वही भरलेली हवी. तातारांच्या 'किताबां'मुळेच आज इतिहासकार त्यांच्याविषयी बोलू शकतात. आपल्या मोहल्ल्यांतल्या किती घरांत जुने निकाहनामे, बक्षीसपत्रे, मोडीतले कागद वाळवी खात पडले आहेत!

अपने लोग

पोलिश निर्वासितांशी आपला स्वतःचाही संबंध आला होता, हे पुष्कळांना ठाऊक नसते. दुसऱ्या महायुद्धात रशियाने सायबेरिया आणि मध्य आशियात हाकललेल्या पोलिश नागरिकांपैकी एक लाखाहून अधिक लोक 1942 मध्ये इराणला पोहोचले. कॅस्पियनच्या किनाऱ्यावर उतरलेल्या त्या रोगट, उपाशी लोकांना इराणच्या शहरांनी आसरा दिला. इस्फहानमध्ये इतकी पोलिश अनाथ मुले होती की, त्या शहराला पोलिश मुलांचे शहर म्हटले गेले. तिथून पुढे सुमारे पाच हजार पोलिश लोक, मुख्यतः बायका-मुले, कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला आले आणि 1943 ते 1948 या काळात तिथे राहिले. शाळा, चर्च, नाटके, सारे त्यांनी तिथे उभे केले. म्हणजे अमेरिकेने ज्यांच्यासाठी दार जवळपास लावून घेतले होते, त्यांना एका मुसलमान देशाने आणि आपल्या पंचगंगेकाठच्या मुलखाने जागा दिली. पोलिश स्थलांतरितांवर आणखी एक चित्रपट व्हायचा असेल, तर त्यातली कोल्हापुरी माणसे कोणी बाहेरचा लिहिणार नाही. ती आपल्यालाच लिहावी लागतील.

शेवटची गोष्ट अलीकडची आहे. 2021 च्या हिवाळ्यात सीरिया, इराक वगैरे देशांतून आलेले लोक बेलारूसच्या जंगलातून पोलंडच्या हद्दीवर अडकले. एका सरकारने त्यांना पुढे ढकलले, दुसऱ्याने मागे. थंडीने, नदीत बुडून काही मेले. त्यांच्यापैकी एक एकोणीस वर्षांचा सीरियन मुलगा होता. त्याचे आईवडील दूर, जनाज्याला खांदा द्यायला नात्याचे कोणी नाही. त्याला नोव्हेंबरात बोहोनिकीच्या तातारांनी आपल्या कबरस्तानात दफन केले. 1679 मध्ये राजाने दिलेल्या त्याच गावात. त्यानंतर आणखीही मयती तिथे आल्या. जे तातार आज साऱ्या पोलंडमध्ये दोन हजारांच्या आसपास उरले आहेत, त्यांनी आपल्या देशाच्या हद्दीवर मेलेल्या परक्या लोकांना मातीचा हक्क दिला. त्या वेळी ते पोलिश होते की मुसलमान? हा प्रश्नच त्यांना सुचला नसेल.

पुढच्या वर्षी पोलंडचा धडा आला तेव्हा मी जुन्या मुलाला मधल्या सुट्टीत बोलावून घेतले. तो आता दहावीत होता आणि प्रश्न विसरला होता. मी म्हणालो, "बेटा, तूने पूछा था वहाँ अपने लोग थे क्या. थे." आणि क्रुशिन्यानीच्या लाकडी मशिदीचे चित्र त्याच्यासमोर ठेवले. तो बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "सर, ये तो गिरजाघर जैसी दिखती है."

मी म्हणालो, "हाँ. वहाँ के कारीगर गिरजाघर बनाते थे. उन्होंने ही ये बनाई होगी."

एव्हाचे चर्च आणि ही मशीद एकाच देशातल्या लाकडाची. माझ्या विद्यार्थ्याला 'अपने लोग' या शब्दांत फक्त मशीद हवी होती. या वर्षभराच्या वाचनानंतर मला वाटते, त्यात एव्हा हवी, ब्रुनो हवा आणि रोजे धरणारा ब्रुकलिनचा तातारही हवा. ज्यांच्या नावापुढे कोणीतरी परस्पर शेरा मारला, ते सगळे आपले लोक. पुढच्या वर्गाला हे कसे शिकवायचे, याची तयारी मी सुरू केली आहे.